बाटली कशाला फेकता?

कोल्हापुरात पोराला आपल्या पेठेची तालीम, म्हणजे फुटबॉलचा संघ, आधी कळते; ऑफसाइड, म्हणजे बचावफळीच्या पुढं उभ्या असलेल्या आपल्या खेळाडूला पास देण्याची चूक, नंतर. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढणारी ही पोरं मोठ्यांचं बघूनच शिकतात. आणि आपण शिकवतो काय? रेषेवरच्या लाइन्समननं ऑफसाइडचा झेंडा वर केला की आईबहिणीवरून शिव्या, वर पाण्याची बाटली! अरे, भरलेली लिटरची बाटली म्हणजे किलोभर वजन. वरच्या पायरीवरून भिरकावली की बऱ्याचदा मैदानात पोचतच नाही, खाली बसलेल्या आपल्याच माणसाच्या डोक्यात बसते. पोचलीच तर रेफरी खेळ थांबवतो, चढाईवर असलेल्या आपल्याच पोरांची लय तुटते. आणि ऑफसाइड आहे का, हे पास सुटतो त्या क्षणाला बघायचं, चेंडू पायात येतो तेव्हा नव्हे! शेजारच्या पोराला एवढं तरी सांगा की.