टेबलाशी कोण आणि टेबलावर काय

मे 2025 मध्ये कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह भारत-पाकिस्तान लढाईची माहिती द्यायला पत्रकारांसमोर आल्या, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रणरागिणी' या शब्दाचा नुसता पाऊस पडला. 10 मे रोजी गोळीबार थांबला तो दोन्ही सैन्यांच्या मोहीम-महासंचालकांच्या फोनवर. दोघेही पुरुष. मी सहज लिहिलं, 'लढाईची माहिती द्यायला बाई चालते, मग बोलणी करायला का नको?' झालं. मावशीचं म्हणणं, बायका असत्या तर हे घडलंच नसतं, आईचं काळीज असतं त्यांना. मामेभावाने विचारलं, इंदिराबाई विसरलीस का? आणि मग ठेवणीतलं वाक्य: 'बेलफास्टला बसून बोलायला तुझं काय जातंय?'

शेवटचं खरं आहे. पहलगामला 26 माणसं मारली गेली त्या दिवशी मी बातम्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. ब्लॅकआउटमध्ये मुलांना घेऊन बसायची वेळ माझ्यावर आली नाही. पण बेलफास्टला राहतेय म्हणूनच मावशीचं आणि मामेभावाचं, दोघांचंही म्हणणं मला पटत नाही.

बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अमलाखाली. इथून आयर्लंडची राजधानी डब्लिनला बसने जाताना सीमा कधी ओलांडली ते कळत नाही. रस्त्याकडेच्या पाट्यांवर मैलांचे किलोमीटर होतात, एवढंच. त्याच सीमेवर एके काळी लष्कराचे टेहळणी मनोरे होते. उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, यावरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिकांत पेटलेल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली. तो थांबवणारा 1998 चा गुड फ्रायडे करार उत्तर आयर्लंडमधल्या पक्षांचा तसाच ब्रिटन आणि आयर्लंड या दोन शेजारी देशांचाही.

त्या कराराच्या चर्चेत बायका शिरल्या त्याची गोष्ट मला फार आवडते. मे 1996 मध्ये चर्चेसाठी प्रतिनिधी निवडायचे होते. मतांच्या क्रमाने पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा, असा नियम होता. तो बायकांसाठी नव्हताच. बंदूकवाल्या गटांशी जोडलेल्या छोट्या पक्षांना आत आणण्यासाठी होता. बायकांनी तो बरोबर हेरला. काही आठवड्यांत 'विमेन्स कोअलिशन' हा पक्ष उभा केला, जेमतेम एक टक्का मतं मिळवली, नववा क्रमांक लावला. त्या दोन जागांवर दोघी गेल्या: मोनिका मॅकविल्यम्स कॅथलिक, पर्ल सेगर प्रोटेस्टंट. त्या बोलायला उठल्या की सभागृहातले काही पुरुष गाईसारखे हंबरायचे. यांनी आपल्या कार्यालयात फळा लावला आणि त्यावर आठवड्याचे अपमान टिपायला सुरुवात केली. यात आईचं काळीज कुठे आलं?

मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी टेबलावर काय ठेवलं ते. बाकीचे शस्त्रं, कैदी, सत्तेतला वाटा यांवर भांडत होते. यांनी हिंसेत होरपळलेल्यांची दखल, दोन्ही धर्मांच्या मुलांच्या एकत्र शाळा, मिश्र वस्त्या यांचा हट्ट धरला, आणि ते करारात आलं. ब्रिटनच्या मंत्री मो मोलम जानेवारी 1998 मध्ये थेट मेझ तुरुंगात गेल्या आणि शिक्षा भोगणाऱ्या बंदूकधाऱ्यांशी बोलल्या. त्या कैद्यांनी चर्चेचा पाठिंबा काढून घेतला होता. भेटीनंतर तो परत दिला. नोबेल मात्र त्या वर्षी दोन पुरुषांना मिळालं. असो.

उलट बाजूही इथलीच. 1981 मध्ये तुरुंगात दहा आयरिश उपोषणकर्ते मेले तरी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर हलल्या नाहीत. 1985 मध्ये उत्तर आयर्लंडच्या कारभारात डब्लिनला सल्ल्याचा अधिकार देणाऱ्या करारावर सही केली तीही त्यांनीच. इंदिरा गांधींनी 1971 ची लढाई जिंकली आणि 1972 मध्ये सिमल्याला बोलणीही केली. म्हणजे मामेभावाचं उदाहरण त्याच्याच अंगाशी येतं. बाई म्हणून दोघी मवाळ नव्हत्या आणि कडक होत्या म्हणून तहाला नालायकही ठरल्या नाहीत.

आपल्याकडे बाई बोलणी करायला आली तेव्हा आपण काय पाहिलं? जुलै 2011 मध्ये पाकिस्तानच्या परराष्ट्रमंत्री हिना रब्बानी खार दिल्लीला आल्या. तेव्हा आपल्या परराष्ट्र सचिव निरुपमा राव होत्या. ताबारेषेवरच्या व्यापाराचे दिवस आठवड्यातून दोनाचे चार करायचं ठरलं. चॅनेलांवर दिवसभर चर्चा चालली ती हिनाबाईंच्या पर्सची आणि मोत्यांची.

आणि निर्मला देशपांडे? नागपूरच्या गांधीवादी कार्यकर्त्या, आपल्याच. कारगिलला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च 2000 मध्ये त्या बायकांची बस घेऊन दिल्लीहून लाहोरला गेल्या. ग्रुपवर नाव टाकलं तर मावशी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

मामेभावाचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. बेलफास्टमध्ये बंदूकवाल्यांचे पक्ष खोलीतच होते. पाकिस्तानात बोलायचं कुणाशी, निवडून आलेल्यांशी की लष्कराशी? इथे अमेरिकेचे जॉर्ज मिचेल अध्यक्षस्थानी होते. आपल्याला तिसरा नको आहे, त्याला कारणं आहेत. कबूल. पण काय बोलायचं हा प्रश्न उरतोच. दर 1 जानेवारीला आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत मच्छीमार असतात, पालघर जिल्ह्यातलेही. त्यांच्या घरी राहिलेल्या बाईला त्या टेबलाशी बसवलं, तर ती काश्मीरपासून सुरुवात करेल असं मला वाटत नाही.

एवढं वाचून इथे सगळं गोड झालं असं समजू नका. विमेन्स कोअलिशनच्या विधानसभेतल्या दोन्ही जागा 2003 मध्ये गेल्या, 2006 मध्ये पक्षच विसर्जित झाला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंती उभ्याच आहेत. 2023 पर्यंत सगळ्या पाडू, असं सरकारने 2013 मध्ये जाहीर केलं होतं. बेलफास्टच्या लॅनार्क वे या रस्त्यावरच्या भिंतीतलं फाटक अजूनही रात्री बंद होतं. तिथे वाघा सीमेवरच्यासारखी परेड नसते, बघायलाही कुणी जमत नाही.