वरून आलेलं तीर्थ

डोक्यावर कावळा शिटला तर निदान चार लोक हळहळतात. माझ्यावर किडे मुतले, तर मला नशीबवान ठरवलं गेलं.

भाच्याचा साखरपुडा त्र्यंबकला. अंजनेरीच्या अलीकडे गाडी पंक्चर, पंक्चरवाला जेवायला गेलेला, आणि एप्रिलच्या उन्हात सावलीला एकच आंबा. त्यावर सिकाडा नावाच्या किड्यांनी शंभर पिठाच्या गिरण्या एकदम सुरू केल्यासारखा कल्ला मांडलेला. वर बघतो तर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि माझ्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर टिपटिप चालू.

खाटेवर बसलेल्या काकांनी ओंजळ पुढे केली. "घ्या, घ्या! हे झाड उन्हाळ्यात पाझरतं. गंगाच आहे ही."

"काका, हे किड्यांचं मूत आहे."

"कोण म्हणतं?"

"शास्त्र."

"कोणतं? आमच्या त्र्यंबकात सगळीच शास्त्रं आहेत."

मीही इरेला पेटलो. सांगितलं, की हे किडे झाडात मुळांकडून वर चढणारं पाणी शोषतात. त्यात सत्त्व फारसं नसतं, म्हणून भरपूर प्यावं लागतं आणि तेवढंच सोडावं लागतं.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "म्हणजे पाणी झाडाचंच?"

"हो, पण..."

"झाडात जमिनीतून आलं?"

"हो."

"जमिनीत ब्रह्मगिरीवरून. मग मधे कोण प्यायलं याच्याशी आपल्याला काय करायचंय? तुम्ही नाशिकचे ना? तुमच्या गटारांचं पाणी गंगेत जातं, तरी रामकुंडात डुबकी मारताच की."

याला उत्तर नव्हतं. ती संधी साधून काकांनी ओंजळीतले दोन थेंब माझ्या कपाळाला लावले.

म्हटलं, हार मानायची नाही. अमेरिकेतल्या काही सिकाडांची पिल्लं १३ किंवा १७ वर्षं जमिनीत मुळांचा रस पीत राहतात, मग सगळी एकदम वर येतात, कात टाकतात, ओरडतात आणि काही आठवड्यांत मरतात. १३ वाल्यांची एक टोळी आणि १७ वाल्यांची एक टोळी २०२४ मध्ये एकत्र वर आल्या. त्या दोघींचा आधीचा योग होता १८०३ चा. काका एकदम सावरून बसले. "सिंहस्थच की हो त्यांचा! आमचा बारा वर्षांनी येतो. तिकडे आखाडे किती?"

सिंहस्थावरून आठवलं. २०२७ च्या नावाखाली आमच्याकडे जो रस्ता बघावा तो उकरलेला आहे. झाड तोडायचं, वर काँक्रीट ओतायचं. खाली मुळांना लागून बसलेल्या पिल्लांनी वर यायचं कुठून? त्यांची मादी फांदीला चीर पाडून अंडी घालते, पण फांदी तरी ठेवा! वर टेंडरमध्ये 'सुशोभीकरण' लिहायचं. हे मी काकांना सांगणार होतो, पण ते आखाड्यांतच अडकले होते.

साखरपुड्यात सदऱ्यावरचे डाग सगळ्यांनी पाहिले. "पाऊस लागला का?" असं तीन आत्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. पुढे बोलायची सोय नव्हती, कारण डीजे सुरू झाला. सिकाडाचा नर बायको मिळेपर्यंत ओरडतो, हे समजू शकतो. त्याच्या पोटाच्या दोन बाजूंना पडदे असतात, ते स्नायूंनी आत-बाहेर करून तो आवाज काढतो, आणि पोकळ पोटात तो घुमतो. आमच्या भाच्याला तर बायको मिळालेली होती! मग हा आरडाओरडा कोणासाठी? आणि किडा निदान अंधार पडल्यावर गप्प बसतो. इथे रात्री दहानंतरची बंदी कागदावर, आणि फोन केला तर "गाडी पाठवतो".

गाताना स्वतःचे कान फुटू नयेत म्हणून तो नर कानाचे पडदे ढिले करून घेतो म्हणे. मी डीजेवाल्या पोराजवळ जाऊन आवाज कमी करायची खूण केली. त्याने हसून कान दाखवला. आत कापसाचा बोळा होता. मी हात पुढे केला, तर म्हणाला, "काका, एवढाच होता."