पश्चात्तापापेक्षा परजीवी बरा

साठ-ऐंशी वर्षे अखंड चालत आलेल्या एखाद्या सुपरहिरो कॉमिक्स-मालिकेचे संपादकपद आपल्याकडे आले आहे असे गृहीत धरून या सूचना लिहीत आहे. प्रथम अभिनंदन. आपले मुख्य काम कथा संपू न देणे हे आहे, कथा सांगणे हा त्याचा जोडधंदा, एवढे आरंभीच ध्यानात घेतले तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

परंपरा मोठी आहे, तेव्हा मूळपुरुषांपासून सुरुवात करू. १९४० साली ‘बॅटमॅन’च्या पहिल्याच अंकात जोकर मरणार होता. कथा तशी लिहून झाली होती, चित्रेही काढून झाली होती. परंतु इतका चांगला खलनायक एका अंकात खर्ची घालणे संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना परवडण्यासारखे वाटले नाही, आणि तो बचावल्याचे सांगणारी एक चौकट घाईघाईने शेवटी जोडण्यात आली. बॅटमॅन जोकरला ठार का करत नाही, या प्रश्नावर त्यानंतरच्या पिढ्यांनी पुष्कळ चिंतन केले. कोणी त्यात कायद्याचा आदर पाहिला, कोणी नायकाचे स्वतःच्या अंधाराशी चाललेले झुंजणे पाहिले. आपण हे सारे गंभीर चेहऱ्याने ऐकावे आणि मुलाखतीत त्याचा गौरवाने उल्लेखही करावा. ती चौकट मात्र कार्यालयातल्या भिंतीवर लावून ठेवावी.

खरा प्रश्न निराळाच आहे. एखादा लेखक कधीतरी बेसावध क्षणी आपल्या पात्राला खराखुरा निर्णय घेऊ देतो. नायक अक्षम्य असे काही करून बसतो, किंवा खलनायकाला आपल्या कृत्याची लाज वाटते. १९५४ च्या कॉमिक्स कोडने, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे काही छापूच नये असा दंडक घातला होता, त्यामुळे त्या काळच्या संपादकांना रात्री शांत झोप लागत असावी. मोठ्या प्रकाशकांनी तो कोड २०११ पर्यंत पुरता सोडून दिला आणि त्याबरोबर ती सोयही गेली. आता पात्राने केलेल्या निर्णयाचे ओझे आपल्यालाच उतरवावे लागते. ते उतरवण्याची सर्वांत प्रतिष्ठित पद्धत म्हणजे निर्णय त्या पात्राचा नव्हताच, असे मागाहून सिद्ध करणे.

हॅल जॉर्डनचे उदाहरण अभ्यासक्रमात असायला हवे. तो ग्रीन लँटर्न, म्हणजे अंगठीच्या शक्तीवर लढणाऱ्या अंतराळ-रक्षक दलाचा सदस्य आणि निर्भयतेचा पुतळा. १९९३ मध्ये त्याचे कोस्ट सिटी हे शहर ७० लाख रहिवाशांसह नष्ट झाले. १९९४ मध्ये आधीच्या लेखकाचे ठरलेले कथानक बाजूला सारून नव्या लेखकाकडून तीन अंक लिहवून घेण्यात आले, आणि त्या तीन अंकांत हॅल दुःखाने वेडापिसा होऊन सहकाऱ्यांवर उलटला, किलोवोगसारख्या मित्राला त्याने ठार केले आणि ज्या दलासाठी आयुष्य वेचले ते दलच मोडून काढले. घाईत लिहिलेले ते अंक काही फार थोर नव्हते. पण भीती कधी माहीत नसलेल्या माणसाला शोक सहन होत नाही, ही त्यातली कल्पना थोर होती. अशी कल्पना हाती आली की संपादकाने सावध व्हावे. वाचक संतापले, संघटित झाले आणि वर्षानुवर्षे नेटाने हॅलची मागणी करत राहिले. १९९६ मध्ये सूर्य वाचवण्यासाठी त्याने प्राण दिला. आपल्यासारख्या भाबड्या वाचकांना वाटले, झाले, प्रायश्चित्त मिळाले. परंतु प्रायश्चित्त घेतलेला नायक हा एकदा पाप केलेला नायक असतो, आणि तसा नायक जेवणाच्या डब्यावर छापायला बरा दिसत नाही.

मग २००४ मध्ये उलगडा झाला की हॅलच्या मनात पॅरॅलॅक्स नावाचा, साक्षात भीतीचाच बनलेला, पिवळ्या रंगाचा एक प्राचीन परजीवी शिरला होता आणि सारे काही त्याने करवले. हे काम किती नेटके झाले आहे ते पाहा. अंगठी पिवळ्या रंगापुढे निष्प्रभ का होते, याचे उत्तरही याच परजीवीत सापडले. इतकेच काय, मधल्या काळात हॅलच्या कानशिलांवर जे पांढरे केस दिसू लागले होते, तेही वयाने नव्हे तर या संसर्गाने आलेले ठरले. परजीवी निघाला आणि केस पुन्हा तपकिरी झाले. अपराध आणि वार्धक्य दोन्ही एकाच उपचाराने बरे करणारे असे औषध दुसऱ्या कोणत्याही साहित्यप्रकाराला सापडलेले नाही.

परजीवी उपलब्ध नसेल तर तोतया वापरावा. १९८० मध्ये ‘एक्स-मेन’ या म्युटंट (जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या) नायकांच्या मालिकेतल्या जीन ग्रेने फिनिक्सच्या रूपात एक तारा गिळला आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे ५ अब्ज जीव मेले. लेखक ख्रिस क्लेरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांनी शेवटी तिच्या शक्ती काढून घेऊन तिला घरी पाठवायचे ठरवले होते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी, पाच अब्जांच्या हत्येला एवढीच शिक्षा कशी, असा प्रश्न विचारला. हा प्रश्न संपादकाने विचारावा हे आजही विलक्षण वाटते, आणि अशा प्रश्नातून काय होते तेही आपण पाहून ठेवावे: शेवट नव्याने रचला गेला, जीनने स्वतः मरण पत्करले, आणि या व्यवसायाने क्वचितच गाठलेली शोकांतिका छापून बाहेर पडली. ही चूक दुरुस्त व्हायला पाच-सहा वर्षे लागली. पहिल्या पाच एक्स-मेनना घेऊन १९८६ मध्ये नवी मालिका काढायची होती आणि पाचवी जागा रिकामी होती. तेव्हा न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी एका कोशात खरी जीन सुखरूप झोपलेली सापडली. तारा गिळणारी कोणी दुसरीच होती, तिचे रूप आणि आठवणी उसन्या घेतलेली एक वैश्विक शक्ती. मरण पत्करण्याचा जो निर्णय वाचकांच्या काळजाला भिडला होता, तोही अर्थातच त्या शक्तीच्या खात्यावर जमा झाला. त्याला इलाज नाही. दोषाचे मालक बदलले की गुणाचेही बदलतात.

या दुरुस्तीतून एक लहानशी अडचण उद्भवली. जीनचा प्रियकर सायक्लॉप्स याने एव्हाना मॅडलिन प्रायर या स्त्रीशी लग्न केले होते, त्यांना मूलही झाले होते, आणि जीन जिवंत असल्याचे कळताच तो दोघांना सोडून निघून आला. पत्नी-पुत्रांना टाकून जाणारा नायक फारच खरा वाटू लागला. उपाय काय केला असेल? दोष नवऱ्याकडून काढून बायकोत भरला. १९८९ पर्यंत मॅडलिन ही जीनची प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिकृती ठरली, वर राक्षसांशी संधान बांधणारी राणीही झाली आणि मेली. सायक्लॉप्सला घटस्फोटाच्या कागदावर सही करावी लागली नाही.

येथे एक इशारा देणे भाग आहे. ही सारी साधने मोठ्या अपराधांवर चालतात. लहान अपराधांवर त्यांचा परिणाम होत नाही. १९८१ च्या एका अंकात ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा संस्थापक सदस्य हँक पिम याने आपल्या पत्नीला, जॅनेटला, मारले. त्यानंतर त्याने कितीदा जग वाचवले याची गणती नाही, तरीही त्याचे नाव निघाले की वाचकाला आजही तीच चौकट आठवते. ५ अब्ज जीव गिळल्याचा अपराध धुऊन निघतो आणि हा एक फटका निघत नाही, कारण तारा गिळणारे कोणी वाचकाने पाहिलेले नसते. तेव्हा आपल्या नायकाला पाप करायचेच असेल तर ते किमान एखाद्या खंडाएवढे असावे, याची काळजी घ्यावी.

स्मृतिभ्रंशाचा उपयोगही जाणकारांनी कौशल्याने केला आहे. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने, जुन्या मित्रांना तुरुंगात टाकले, पुढे त्याला स्वतःचा मेंदू पुसावा लागला आणि तो पुन्हा भरण्यासाठी जी प्रत वापरली गेली ती नेमकी त्या युद्धाच्या आधीची निघाली. ज्याच्यावर रुष्ट व्हावे त्यालाच काही आठवत नाही, मग रोष धरायचा कोणावर? स्पायडर-मॅनचे प्रकरण याहून सरस आहे. १९८७ मध्ये झालेले त्याचे लग्न संपादकांना नकोसे झाले होते, कारण लग्नाने पात्र प्रौढ दिसते. घटस्फोटाने तो आणखीच प्रौढ दिसला असता. म्हणून २००७ मध्ये त्याने मेफिस्टो नामक सैतानाशी करार केला, काकूचा जीव वाचवून घेतला आणि त्या बदल्यात स्वतःचे लग्न दिले, जे मग कधी झालेच नव्हते असे ठरले. जबाबदारी हेच ज्याचे ब्रीद, त्याने तिच्यातून सुटण्यासाठी सैतान गाठावा आणि नंतर तो करारही विसरून जावा, यातले औचित्य वाचकांच्या लक्षात आले नाही, हे त्यांचे दुर्दैव.

एवढेही करण्याचा कंटाळा असेल तर २०१४ ची ‘अ‍ॅक्सिस’ ही कथा पाहावी. तीत एका मंत्राने नायक आणि खलनायक यांच्या नीतीच उलट्यापालट्या झाल्या. सज्जन दुर्जन झाले, सेबरटूथसारखा खाटीक सद्वर्तनी झाला, आणि कोणाचेही मतपरिवर्तन लिहिण्याचे कष्ट कोणावरही पडले नाहीत.

आता एक्स-मेनचा जुना शत्रू मॅग्नेटो याच्याकडे वळू, कारण आपली खरी कसोटी तेथे आहे. १९६३ मध्ये तो जन्मला तेव्हा शिरस्त्राण घालून गर्जना करणारा साधा सरळ दुष्ट होता, आणि त्याचा कोणालाही त्रास नव्हता. क्लेरमाँट यांनी १९८१ मध्ये त्याला भूतकाळ दिला. संतापाच्या भरात त्याने किटी प्राइड या पोरसवदा मुलीवर वार केला, ती मेली असे वाटून तो थिजला, आणि आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेला हा माणूस आपण कोणासारखे झालो आहोत हे ओळखून थांबला. ना मंत्र, ना परजीवी. १९८५ मध्ये पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालला आणि त्यानंतर एक्स-मेनचा गुरू झेवियर याच्या सांगण्यावरून मॅग्नेटोने झेवियरची शाळा चालवायला घेतली. चार-पाच वर्षांच्या अवधीत एक खलनायक स्वतःच्या विचाराने बदलला, अडखळला, मुलांना शिकवू लागला. असा प्रकार आपल्या देखरेखीखाली घडू लागल्यास तातडीने वरिष्ठांना कळवावे.

शिवाय या भूतकाळात तांत्रिक दोषही आहे. आपल्या धंद्यात कोणी म्हातारे होत नाही, म्हणून भूतकाळ पुढे सरकवत न्यावा लागतो. टोनी स्टार्क मुळात व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता. ते युद्ध गरजेप्रमाणे बदलून घेता येते. आउशवित्झ बदलता येत नाही. ते १९४५ च्या जानेवारीत मुक्त झाले, आणि तेथे लहानपण काढलेल्या माणसाचे वय कोणत्याही संपादकाच्या आदेशाने कमी होत नाही. या विश्वात खरी तारीख असलेल्या मोजक्या मोठ्या माणसांपैकी तो एक, आणि त्याच्या मनाचे वजन बाकीच्यांहून अधिक वाटते याचे एक कारण तेच असावे. अर्थात वजन ही ग्राहकांची तक्रार होऊ शकते.

म्हणून १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ची नवी मालिका निघाली तेव्हा मॅग्नेटो पुन्हा शत्रूच्या जागी उभा करण्यात आला. पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. हा आकडा पुढच्या प्रत्येक बैठकीत आपल्याला ऐकवला जाईल. त्या काळी लोक एकेक अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह अनेकदा घेऊन कपाटात ठेवत असत, हे मात्र आपण तेथे बोलू नये. त्याच कथेत असा शोध लागला की मॅग्नेटो मध्यंतरी बाल्यावस्थेत गेला असता मोयरा मॅकटॅगर्ट या शास्त्रज्ञ स्त्रीने त्याच्या जनुकांत फेरफार केला होता, म्हणजे त्याचा चांगुलपणाही परक्याची करणी होती. सिद्धान्त सुंदर होता, पण तिसऱ्या अंकात क्लेरमाँट यांनीच तो मोडला: शक्ती वापरताच तो फेरफार पुसला जातो, तेव्हा मॅग्नेटोने जे केले, बरे आणि वाईट, ते सारे त्याचेच. सोळा वर्षे लिहिलेल्या मालिकेचा तेथेच त्यांनी निरोप घेतला. आपल्या हाताखाली असा लेखक असेल तर त्याला दुसऱ्या अंकानंतरच निरोप द्यावा.

पुढचे लेखक ग्रँट मॉरिसन यांनी २००३-०४ मध्ये उलट टोक गाठले. झॉर्न नावाचा शांत, मुखवटाधारी उपचारक हा मुळात मॅग्नेटोच होता असे उघड झाले. अमली पदार्थाच्या आहारी गेलेल्या त्या म्हाताऱ्याने मॅनहॅटन उद्ध्वस्त केले, माणसांना भट्ट्यांकडे हाकले आणि शेवटी त्याचे शिर उडवले गेले. आउशवित्झमधून आलेल्या माणसाच्या हातून हे घडावे, हे कित्येकांना असह्य वाटले, मलाही ते पटले नाही. पण ते एक म्हणणे होते, आणि त्याला दुसऱ्या म्हणण्याने उत्तर देता आले असते. कार्यालयाने तो वेळखाऊ मार्ग टाळला. २००४ मध्येच खरा मॅग्नेटो जेनोशा बेटाच्या अवशेषांत झेवियरबरोबर स्वस्थ बसलेला दाखवण्यात आला, आणि मेला तो मॅग्नेटो नसून स्वतःला मॅग्नेटो समजणारा झॉर्नच होता, असे कळवण्यात आले. मग त्या झॉर्नचा जुळा भाऊ आला, त्याचेही नाव झॉर्न, मुखवटा तोच, स्वभाव मात्र निर्दोष. २०१३ मध्ये भविष्यातून आलेल्या आणखी एका झॉर्नने तो मुखवटा काढला तेव्हा आतून जीन ग्रे निघाली. तेव्हा कपाटातले काहीही टाकून देऊ नये. तो मुखवटा पहिल्या खणात आहे, आणि आपल्या कारकिर्दीत एखाद्या नायकाने शुद्धीवर असताना काही करून ठेवलेच, तर त्याच्या मापाचा आहे का ते एकदा घालून पाहावे.