आग मेंदूत, बंब बोटात

चिनी प्राध्यापकाचा सुईवाला मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. मजकूर वर्षानुवर्षं तोच. अर्धांगवायूचा झटका आला तर माणसाला जागचं हलवू नका, मेंदूतल्या केशवाहिन्या फुटतील. सुई गॅसवर तापवून दहाही बोटांच्या टोकांना टोचा, थेंब-थेंब रक्त आलं की काही मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो. तोंड वाकडं झालं असेल तर कान ओढून लाल करा आणि पाळ्यांनाही टोचा. मग दवाखान्यात न्या. शेवटी दोन पुरवण्या: अंघोळीला आधी डोक्यावर पाणी घेतल्याने झटका येतो, आणि तीन तासांत पोचलात तर सगळं पूर्ववत.

एरवी डिलीट करून सोडून दिला असता. पण आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी, ज्यांच्या यजमानांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे, हे वाचून सुयांचं पाकीट फ्रिजवर आणून ठेवलंय. म्हणून हे सविस्तर.

आधी सुई. हृदयातून निघालेल्या महाधमनीच्या कमानीपासून मेंदूकडे चार नळ्या जातात. दोन मानेच्या पुढून, दोन मणक्यांच्या भोकांतून, आणि मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना मिळतात. बोटांकडे जाणारी नळी गळपट्टीच्या हाडाखालून काखेत, तिथून कोपरापाशी दोन फाटे होऊन मनगटातून तळव्यात उतरते. बोटाच्या टोकाला पोचलेलं रक्त तिथून शिरांवाटे हृदयाकडे परत फिरतं. झटक्यात बहुतेक वेळा मेंदूतल्या एखाद्या धमनीत गुठळी अडकलेली असते. मोठ्यातली मोठी धरली तरी ती धमनी तीनेक मिलिमीटर रुंदीची. करंगळीतून थेंब काढून ती गुठळी हलणार कशी? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

'दाब कमी होतो' म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. बोटातला एक थेंब मिलिलिटरचा विसावा भाग धरा. दहा बोटांचे मिळून अर्धा मिलिलिटर. अंगात रक्त सुमारे पाच लिटर. रक्तदान शिबिरात माणूस 350 मिलिलिटर देतो आणि चहा-बिस्किट घेऊन कामावर जातो. उलट बेसावध माणसाला दहा वेळा टोचलं तर वेदनेने बीपी चढेल ते वेगळंच.

खरं नुकसान मात्र घड्याळात आहे. अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात हा हिशेब मांडला. मोठी धमनी बंद पडून उपचार झाले नाहीत तर सरासरी दर मिनिटाला 19 लाख चेतापेशी, 1,400 कोटी चेताजोड आणि 12 किलोमीटर चेतातंतू मरतात. आता सुई शोधा, तापवा, गार होऊ द्या, दहा बोटं टोचा, थेंबाची वाट बघा, मग कान. दहा मिनिटं सहज गेली. म्हणजे 1 कोटी 90 लाख पेशी.

मेंदूत साधारण 8,600 कोटी पेशी असतात, मग एवढ्याने काय होतंय, असंही कुणी म्हणेल. पण त्या सगळीकडून थोड्या-थोड्या मरत नाहीत, एकाच भागातून जातात. हातापायांना हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या आत एका अरुंद पट्टीत दाटीवाटीने येतात, खाली उतरताना बाजू बदलतात आणि मग मणक्यात शिरतात. म्हणून डाव्या मेंदूत बिघाड झाला की उजवा हात पडतो. सायनला रूळ पाण्याखाली गेले की पार ठाण्यापर्यंत गाड्या उभ्या राहतात, तसं त्या पट्टीत बोराएवढी जागा मेली तरी अख्खी एक बाजू लुळी पडते.

मग 'आमच्या काकांना सुईने बरं वाटलं' हे कुठून येतं? काही वेळा गुठळी आपोआप विरते किंवा पुढे सरकते. तोंड, हात, बोलणं काही मिनिटांत किंवा तासाभरात सुधारतं. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात. तेवढ्यात कुणी सुई टोचली असेल तर श्रेय सुईला. आणि बरं वाटलं म्हणून घरी थांबतात तेच सगळ्यात वाईट, कारण पुढच्या दोन दिवसांत खरा झटका येण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.

बोटाला एक टोचणं मात्र कामाचं आहे, ग्लुकोमीटरचं. शुगर खूप उतरली, साधारण 60 च्या खाली, तर हुबेहूब झटक्यासारखं दिसू शकतं: बोलणं बरळतं, एक बाजू ढिली पडते. मधुमेही माणसाच्या घरात मशीन हाताशी असेल तर एका बोटावर एकदा तपासा आणि आकडा लिहून घ्या. तोही ॲम्ब्युलन्सला फोन लावल्यानंतर.

'हलवू नका' हा मुद्दा तर सरळ घातक. माणसाला उचलल्याने केशवाहिन्या फुटत नाहीत. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. चाळीच्या जिन्यात किंवा छोट्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नसेल तर हात असलेल्या खुर्चीत बसवून, पट्ट्याने किंवा ओढणीने बांधून, दोघांनी खाली आणा. तोंडात काही घालू नका, पाण्याचा घोटसुद्धा. गिळणं बिघडलेलं असलं तर तो घोट फुप्फुसात जातो. घराघरात छातीच्या दुखण्यासाठी ठेवलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली देण्याची घाई तर नकोच. तिने बीपी झपकन उतरतं, आणि अडलेल्या भागाला जे थोडंफार रक्त मिळत असतं तेही जातं. ॲस्पिरिनही घरी नको. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे बाहेरून कुणालाच कळत नाही, मुरलेल्या डॉक्टरलाही. ते सीटी स्कॅन सांगतो: ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. रक्तस्राव नसेल आणि साडेचार तासांच्या आत असाल तर गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज देता येतं, किलोला 0.9 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 54 मिलिग्रॅम: त्यातलं 5.4 एका मिनिटात, उरलेलं 48.6 तासाभरात. इतकं मोजूनमापून द्यायचं औषध आहे ते, कारण रक्तस्राव असताना दिलं तर जीव जाईल.

झटका ओळखण्यासाठी 'हसायला सांगा, बोलायला सांगा, हात वर करायला सांगा' हेही या मेसेजच्या काही आवृत्त्यांत असतं. ते बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. त्यात अचानक गेलेला तोल आणि एकाएकी अंधारलेली किंवा दुहेरी झालेली नजर जोडा. 'जीभ बाहेर काढून बघा' ही चाचणी सोडून द्या. बहुतेक झटक्यांत जीभ सरळच राहते, आणि ती सरळ दिसली म्हणून लोक निर्धास्त होतात. कानाच्या पाळ्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अंघोळीचं. रक्तदाब बराच वरखाली झाला तरी मेंदू आपल्या रक्तवाहिन्या आवळून-सैल करून पुरवठा सारखा ठेवतो. तांब्याभर पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. पहाटेनंतर बीपी चढतं, झटके सकाळी जास्त येतात आणि सकाळी माणूस बाथरूममध्येच असतो. संडासला कुंथल्याने दाब आणखी वाढतो. बीपीची गोळी वेळेवर घेतली तर पाणी पायावर आधी घ्या की डोक्यावर, काही फरक नाही.

आणि ते तीन तास. 1995 च्या अमेरिकेतल्या चाचणीतला तो आकडा, 2008 मध्ये साडेचारवर गेला. मोठी गुठळी जांघेतून नळी घालून निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत काढता येते. पण 'सगळं पूर्ववत' हे कुणी लिहून देत नाही. शिवाय घड्याळ सुरू होतं ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रात्री 11 ला झोपला आणि सकाळी 6 ला तोंड वाकडं दिसलं, तर वेळ 11 पासून मोजतात. अशांनाही काही ठिकाणी एमआरआय बघून औषध देता येतं, म्हणून 'उशीर झालाच आहे' म्हणत बसू नका. कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये नेण्याआधी एक फोन करून विचारा: सीटी आत्ता चालू आहे का? बंद असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. सोबत गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते दारातच सांगा. तिथल्या डॉक्टरांना ते लगेच लागतं.