विचारलं नाहीत तुम्ही

गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस मी रात्री साडेआठपर्यंत ऑफिसात बसले होते, कारण डिस्पॅचच्या सहामाही रिपोर्टमध्ये माल कमी भरत होता. गोडाऊनवाले म्हणतायत आम्ही ७१ हजारांच्या वर एंट्र्या मारल्या, माझ्या शीटमध्ये साडेपाच हजार गायब. सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, कॅल्क्युलेटर मागवू का?" आणि लोक हसले. हसणाऱ्यांत अण्णापण होते, माझ्या शेजारच्याच खुर्चीत.

अण्णा म्हणजे आमच्या डिपार्टमेंटमधले सगळ्यात जुने. त्यांची एक डायरी आहे, लाल कापडी पाठीची, दरवर्षी अप्पा बळवंत चौकातनं आणतात, साइज एकच. कुठला रिपोर्ट कुठल्या मेनूत लपलाय, सर्व्हर कधी रुसतो, ऑडिटरला चहा बिनसाखरेचा की साखरेचा, सगळं त्यात. डायरी ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, आणि किल्ली जानव्याला. खरंच जानव्याला. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी हा माणूस आधी मान खाली घालून शर्टाचं वरचं बटण उघडतो आणि आम्ही सगळे शिस्तीत खिडकीबाहेर बघतो.

तर बुधवारी रात्री मी तिसऱ्यांदा तोच रिपोर्ट काढत बसलेले, अण्णा डब्याची पिशवी घेऊन निघालेले, जाता जाता माझ्या स्क्रीनपाशी थांबले.

"किती आल्या?"

"६५,५३६. हेडिंगची ओळ धरून. तिन्ही दिवस तेवढ्याच, एक इकडे नाही की तिकडे नाही."

"हं."

हा 'हं' मला लिहून दाखवता येणार नाही. वधूपरीक्षेला आलेल्या आत्याबाई पोहे खाऊन म्हणतात ना, तो.

"हं म्हणजे?"

"म्हणजे तेवढ्याच येणार."

"का पण?"

"एक्सएलएसमध्ये काढताय. जुन्या एक्सेलची शीट तिथेच संपते. दोनाचा सोळावा घात. शाळेत झालं असेल तुमच्या."

"मग कशात काढायचं?"

"खाली बाण आहे बघा, त्यात एक्सएलएसएक्स. २००७ पासून आहे. १०,४८,५७६ ओळी मावतात."

"अण्णा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"माझंही झालं होतं ना एकदा. डायरीत आहे."

"सोमवारी तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात!"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मी गप्प. आता यावर काय बोलणार. अण्णांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तसं तुम्ही आत्तासुद्धा विचारलं नव्हतंत. मी आपलं सांगितलं." आणि जाताना दाराशी वळून, "एसी बंद करा निघताना."

बाण दाबला. चार मिनिटं लागली. एकूणएक ओळ आली.

तीन संध्याकाळी घातल्या होत्या हो मी त्यात. नाशिक फाटा स्टेशन, मग जिल्हा न्यायालयाला मेट्रो बदलायची, मग वनाज, घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली, तीन दिवस आमटी गार खाल्ली. त्या रात्री मेट्रोत बसून मोबाईलवर शोधलं, की असा मूर्खपणा करणारी जगात मी एकटीच आहे का. नाही निघाले! २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ पॉझिटिव्ह पेशंट सरकारी आकड्यातून असेच गळाले होते, तेच जुनं एक्सएलएस, तीच ओळींची मर्यादा. म्हणजे तिकडेही कुणीतरी अण्णा चहा पीत उभे असणार आणि त्यांनाही कुणी विचारलं नसणार. फार बरं वाटलं. पेशंटांसाठी वाईट वाटलं, पण आधी बरं वाटलं.

आणि शुक्रवारी कळस. एचआरने 'नॉलेज शेअरिंग सेशन' ठेवलं, हजेरी सक्तीची, सामोसे अर्धे अर्धे. वक्ते कोण? अण्णा. अनुभवी म्हणून. उभे राहिले आणि खणखणीत आवाजात, "जे जे आपणासी ठावे, ते ते इतरांसी सांगावे." टाळ्या. मी पण वाजवल्या, सवयीने. मग बोट वर करून म्हणाले, "पण लोक चुकीचं म्हणतात बरं का. समर्थांचं मूळ आहे, 'तितुकें हळुहळु सिकवावें.' हळुहळु. हा शब्द सगळे गाळतात." आता कळलं. आपण उगाच रागावतोय, सिलॅबस चालू आहे, माझा नंबर रिटायरमेंटनंतर येणार असेल.

खरं सांगायचं तर अण्णांचं अगदीच कळत नाही असं नाही. त्यांच्या बरोबरीच्या दोघांना मागे कंपनीने पेढे देऊन घरी पाठवलं, ते दोघं सगळ्यांना सगळं सांगायचे. अण्णा राहिले, डायरीसकट. माणूस यातून काय शिकणार? पण मग त्याची किंमत माझ्या आमटीने का भरायची, एवढंच माझं म्हणणं आहे.

अण्णांनंतर एचआरच्या मुलीने एक स्लाइड दाखवली, ती मात्र चांगली होती. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर म्हणून एक मानववंशशास्त्रज्ञ १९८० च्या दशकात मशीन दुरुस्त करणाऱ्या लोकांबरोबर हिंडला. त्याला दिसलं की कंपनीने दिलेलं जाडजूड मॅन्युअल एकीकडे, आणि ही माणसं खरं शिकतात ती एकत्र खाता-पिताना, अमक्या मशीनने मला कसं रडवलं याचे किस्से सांगत. पुढे कंपनीने अशा युक्त्या साठवायला युरेका नावाची सिस्टिमच केली. तर तात्पर्य, मुलगी म्हणाली, चहाला भेटा, बोला. आम्ही माना डोलावल्या. बाहेर आलो तर चहाच्या मशीनवर तिच्याच सहीचा कागद: 'चहा घेऊन ताबडतोब जागेवर जावे. घोळका करू नये.'

तरी मला स्फुरण चढलं. संध्याकाळी बसून व्यवस्थित फाइल केली, 'रिपोर्टमध्ये ओळी कमी आल्यास काय करावे', स्क्रीनशॉट, बाणाभोवती लाल गोल, आणि कॉमन ड्राइव्हवर टाकून सगळ्यांना मेल केला.

सोमवारी नवीन पोरगा आला, म्हणे मॅडम फाइल उघडत नाही. बघते तर फाइलच नाही. फोल्डरही नाही. अण्णा मशीनपाशी कप भरत होते.

"कॉमन ड्राइव्ह रविवारी रात्री रिकामा होतो," कपाकडे बघतच म्हणाले. "माहीत नव्हतं?"

"नाही. पण आता विचारते. मग फाइल ठेवायची कुठे असते अण्णा?"

अण्णांनी मशीनवरच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि कप घेऊन जागेवर गेले.