सायन्सचे सात मार्क

आज दुकान लवकर बंद केलं. डोकं तापलंय म्हणून लिहायला बसले. लांबलचक होणार आहे, वेळ नसेल तर सोडा.

दहावीच्या निकालानंतर आमच्या बेळगावातल्या झेरॉक्सच्या दुकानात जी गर्दी होते ती नापास पोरांच्या आईबापांची नसते. ते बिचारे परीक्षा-दोनचा, म्हणजे पुन्हा बसायच्या परीक्षेचा, फॉर्म भरतात आणि खाली मान घालून निघून जातात. उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी मागवायला, रिव्हॅल्युएशनला टाकायला येतात ते नव्वदच्या वरचे.

आज एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मराठी माध्यमाची पोरगी, ६२५ पैकी ६१२. मराठीला १२५ पैकी १२५, कन्नडला १०० पैकी १००. हो, कन्नडला! गणिताला ९७. आणि सायन्सला ९३. बस्स, त्या ९३ वर गाडी अडली. "सात गेले कुठं, बघूया की," म्हणाले. मी पीडीएफ उघडली. साहेब पेनाचं टोक माझ्या मॉनिटरवर टेकवत एकेक प्रश्न मोजायला लागले. हृदयाची आकृती आली. काय सुरेख काढली होती हो पोरीनं, शेडिंगसकट! चारपैकी तीन. "इथं एक खाल्लाय बघा त्यानं." पोरगी हळूच म्हणाली, "बाबा, महाधमनीचं नाव मी घातलंच नव्हतं." "तू गप बस."

तू गप बस! जिचा पेपर, जिचं हृदय, तिनंच गप बसायचं.

मी विचारलं, मराठीत पैकीच्या पैकी पडले, पेढे कुठायत? तर म्हणतात, "मराठी कुठं मोजतात हो? सीईटीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, साठ-साठ मार्कांचं. नीट ७२० चं. तिथं मराठी काय कामाची?" आता हा माणूस दर एक नोव्हेंबरला, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून आम्ही काळा दिन पाळतो तेव्हा, काळी पट्टी बांधून फेरीत पुढं असतो. मी स्वतः बघितलंय. भाषेसाठी घसा फोडायचा आणि घरात पोरीनं त्याच भाषेत १२५ आणले तर 'काय कामाची'. वाचत असतील तर वाचू देत.

आमच्या दादाची गोष्ट जवळच्यांना माहीत आहे, तरी सांगते. दादा हुशार, मी ढ. मला दहावीला सेकंड क्लास पडला तेव्हा आप्पा, म्हणजे आमचे वडील, संध्याकाळी कुंद्याचा (आमच्याकडची मिठाई) डबा घेऊन आले. सगळ्या वाड्यात वाटला. त्याच्या आधी तीन वर्षं दादाला ५८६ पडले होते, शाळेत पहिला. कुंदा आला नाही. "पीयू (म्हणजे अकरावी-बारावी) होऊ दे, मग बघू." पीयूला सायन्सला पहिल्या पाचात आला. "सीईटी होऊ दे." सीईटीला चांगलं रँक आलं. "अजून वरचं पाहिजे होतं." त्या घरात सुखी मीच होते, कारण माझ्याकडून कुणाला काही नको होतं. ढ पोरांना आईबाप मिळतात, हुशार पोरांना मॅनेजर मिळतात. असं लिहिल्यावर काही जणांना राग येईल. येऊ दे.

दादाचा हात चित्रकलेचा. आठवीपासून मंडळाच्या शिवजयंतीच्या चित्ररथाचे पडदे तो रंगवायचा. सीईटीच्या वर्षी आप्पांनी ब्रश माळ्यावर टाकले. आम्ही तेव्हा मारुती गल्लीत भाड्यानं राहायचो, मिरवणूक दारावरून. आमच्याकडं शिवजयंती उन्हाळ्यात. मे महिन्याचा उकाडा, आणि दादा खिडक्या लावून आत, कानात कापूस. आप्पा बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून पहाऱ्याला. आईनं मध्येच ताक नेऊन दिलं तर तिलाही "टाइम खाऊ नकोस त्याचा". पहाटेपर्यंत चित्ररथ जात होते. मी कठड्यावर बसून सगळे बघितले, मला कोण अडवणार!

आता म्हणाल, दादाचं भलंच झालं की. झालं. इंजिनियर झाला, पुण्यात फ्लॅट आहे, माझ्या दुकानातलं मोठं मशीन त्याच्याच पैशातलं आहे. मान्य. पण गणपतीला घरी आला की आप्पांशी बोलतो ते गॅस सिलिंडर, बीपीची गोळी आणि लाइट बिल. त्यापुढं दोघांकडं शब्द नाहीत. आणि हातात ब्रश? विचारूच नका.

आप्पांना राक्षस करायचं नाहीये मला. उद्यमबागेत फौंड्रीत जन्म गेला त्यांचा. घरी यायचे तेव्हा मानेच्या घड्यांत काळी वाळू असायची, आई गरम पाणी काढून ठेवायची. "माझ्यासारखं भट्टीपुढं उभं राहू नको," एवढंच त्यांना म्हणायचं होतं बहुतेक. पण ते म्हणायचं सोडून ते मार्क मोजत बसले. आता वय झालंय, परवा मला विचारत होते, "त्याचा फोन आलता काय गं?" काय सांगायचं.

आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाची भीती मला कळत नाही असंही नाही. छप्पन साली बेळगाव कर्नाटकाकडं गेलं, तेव्हापासून लटकलेलो आहोत. इकडं सरकारी नोकरीला कन्नड आडवं येतं, तिकडं महाराष्ट्रात सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या पोरांसाठी जागा राखीव आहेत, पण असून असून किती असणार. म्हणून "आपल्याला मार्काशिवाय दुसरं काय आहे" हे वाक्य प्रत्येक घरात. खरं आहे, थोडंफार. पण ६१२ वाल्या पोरीला ते रोज ऐकवून काय मिळतं? तिला आधीच कळलेलं असतं, म्हणून तर ६१२ पडलेत! ज्याला ऐकवायला पाहिजे तो तिसऱ्या रेल्वे गेटजवळ पंक्चर दुचाकी ढकलत फिरतोय.

आणि ते ग्रुपवरचे मार्क! निकाल लागला रे लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर मार्कशीट. मागून काकू लिहितात, "छान, पण आमच्या भाच्याला ६१९." काकू, कुणी विचारलं होतं?

जाताना ती पोरगी काउंटरवरच्या जेल पेनांकडं बघत होती. मी म्हटलं, घे गं एक. तिनं आधी बापाकडं बघितलं. ते मोबाईलवर पीयूच्या क्लासची फी विचारत होते, लक्षच नव्हतं. हिरवं घेतलं तिनं. पैसे घेतले नाहीत मी, आणि सायन्सच्या रिव्हॅल्युएशनचा अर्ज भरूनही दिला, कारण नाही म्हणायला मी कोण? धंदा आहे माझा.

उद्या रिव्हॅल्युएशनची शेवटची तारीख आहे. सकाळी नऊला दुकान उघडते. रजिस्टर नंबर आणि मोबाईल घेऊन या. पोराला सोबत आणायची गरज नाही, झोपू दे त्याला.