कारंज्याच्या बंद स्टेशनावरच्या माझ्या पोस्टला आलेल्या कमेंटला जरा मोठं उत्तर

दादा, कमेंट दोनदा वाचली. इंग्रजांनी कापूस न्यायला टाकलेल्या शकुंतलेसाठी, म्हणजे आपल्या विदर्भातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर छोट्या गाडीसाठी, रडायचं कशाला, तिचं भाडं आजही लंडनला जातं हे का नाही लिहिलं, आणि आता वर्धा-नांदेड ब्रॉडगेज होतेय तर जुन्या बंद स्टेशनाचं काय घेऊन बसलात, असं तुमचं म्हणणं.

पहिलं एकदम मान्य. कारंज्यात १८८६ लाच देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार होता, कापूस बघूनच इकडे अडीच फुटी रूळ आले. रुईच्या गाठी इथून मूर्तिजापूरला, तिथे उतरवून मोठ्या गाडीत, मग मुंबई आणि बोटीने मँचेस्टर. इंजिनपण मँचेस्टरचंच, १९२१ चं, १५ एप्रिल १९९४ ला डिझेल लागेपर्यंत तेच ओढत होतं. हे सगळं मी एका ओळीत उरकलं होतं, तसं करायला नको होतं.

लंडनचं मात्र पटत नाही. लाईन सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, कारभार किलिक निक्सनकडे. ही १८५७ साली मुंबईतच इंग्रजांनी काढलेली कंपनी, पण पुढे ती भारतीय मालकांकडे आली. बाकी रेल्वे सरकारने घेतल्या, ही लाईन राहून गेली, म्हणून ते भाडं लंडनला जातं असं व्हॉट्सअ‍ॅपवालं फिरत राहतं.

आता तिसरं, जे मला खरंच लागलं. वर्धा-नांदेड लाईन यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसदवरून जाते, चांगलंच आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत गाडी सुरूपण झाली. पण कारंजा त्यात कुठंय? दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर कुठंय? शकुंतलेची लाईन यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६, एवढ्या पट्ट्यातल्या माणसाला ती लाईन काय कामाची. गाडी हळू होती हो, फाटक लावायला गाडीतलीच माणसं खाली उतरायची, पण तिकीट एसटीच्या मानाने इतकं कमी की माझी आजी गुडघे दुखत असतानाही मूर्तिजापूरला डॉक्टरकडे शकुंतलेनेच जायची, सोबत भाकरीचं गाठोडं, आणि डब्यात निम्मे लोक ओळखीचे. कापूस ट्रकने जायला लागला त्याला किती वर्षं झाली, त्यानंतर ती गाडी फक्त या लोकांची होती. तिचंच ब्रॉडगेज करा एवढंच आम्ही मागतोय, तोपर्यंत कारंजेकराला रेल्वे पकडायची तर आधी मूर्तिजापूरची एसटी.